हॅस्केलचा इंट३२, आठ महिन्यांनंतर: भांडण एकट्या फ्रॉमइंटिग्रलशी

हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांकांचे ठरावीक मापाचे टाइप मिळतात: इंट८, इंट३२, इंट६४ म्हणजे तेवढ्या बिटांचे, उणे आकडेही धरणारे; वर्ड८, वर्ड३२ म्हणजे उणे न धरणारे (वर्ड८मध्ये ० ते २५५). आठ महिने ते वापरून झाले, थेट आकड्यावर येतो.

मुंबईत ४० लाखांचं घर, पुरुषाच्या नावावर, मुद्रांक शुल्क ६ टक्के. हिशोब पैशांत ठेवायचा, कारण फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या टाइपमध्ये, पैसे ठेवणं म्हणजे घोळाला आमंत्रण. किंमत ४०,००,००,००० पैसे. इंट३२ची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७, तेव्हा किंमत आरामात बसते. उत्तर २,४०,००,००० पैसे, तेही बसतं. बसत नाही ती मधली पायरी. सहाने गुणलं की २,४०,००,००,००० होतात, आकडा गोल फिरून उणे होतो, आणि १००ने भागल्यावर शुल्क येतं उणे १,८९,४९६ रुपये ७३ पैसे. घर घ्या, वर सरकारच पैसे देईल! भागाकाराला 'डिव्ह'च्या जागी 'क्वोट' घातलं तर ७२ पैसे, कारण डिव्ह खालच्या बाजूला सरकतं आणि क्वोट शून्याकडे. एरर नाही, वॉर्निंग नाही. वर्ड८च्या जागी कोडमध्येच ३०० लिहिलंत तर कंपायलर टोकतो. तोच ३०० फाइलमधून आला तर चकार शब्द नाही.

उपाय सोपा: गुणण्याआधी इंट६४ करा, भागून झालं की परत इंट३२. आणि तिथेच फ्रॉमइंटिग्रल, म्हणजे पूर्णांकाचा टाइप बदलणारं फंक्शन, आडवं येतं. नाव एक, कामं तीन. ३२ बिटांचं ६४ करणं, यात धोका शून्य. मोठ्याचं लहान करणं, यात वरचे बिट गुपचूप गळतात: ३००चा वर्ड८ केला की ४४. आणि चिन्ह पुसणं: इंट३२मधला उणे १ वर्ड३२मध्ये ४२९४९६७२९५ होतो. ओळ वाचून यातलं कुठलं काम चाललंय ते कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे टाइप दुसरीकडून ठरतो. रेकॉर्डमधलं फील्ड इंट६४चं इंट३२ करा, शंभर ओळी पलीकडचं फ्रॉमइंटिग्रल विनातक्रार कंपाइल होतं आणि आता आकडे कापतं. टाइपच्या कडकपणाचा एवढा डंका पिटणाऱ्या भाषेत हे दार सताड उघडं का, हे अजून पटलेलं नाही.

टूइंटिग्रलसाइज्ड नावाचं फंक्शन आहे. ते मेबी देतं, म्हणजे उत्तर असेल किंवा नसेल असा टाइप; मावलं नाही तर नथिंग. पण ठेवलंय कुठे, तर बिटांच्या उलाढालींच्या डेटा.बिट्स मॉड्यूलमध्ये. हळदीचा डबा बाथरूममध्ये ठेवल्यासारखं.

इथवर दोनच तारे देणार होतो. मत बदललं ते हॅशमुळे, म्हणजे कितीही बाइटांचा एक ठरावीक मापाचा आकडा करण्याच्या कामामुळे. त्याची एक पद्धत एफएनव्ही-१ए, ३२ बिटी: सुरुवात २१६६१३६२६१पासून, दर बाइटला एक्सॉर (बिट-बिट तुलना: वेगळे तर १, सारखे तर ०), मग १६७७७६१९ने गुणाकार. वर्ड३२वर हे एका फोल्डमध्ये (यादीवरून एकेक घटक घेत जाणारी फेरी) संपतं, कारण जे गोल फिरणं वर शिव्या खात होतं तेच इथे हवं असतं. इंटीजरवर, म्हणजे मर्यादाच नसलेल्या पूर्णांकावर, हेच लिहिलं तर दर फेरीला मास्क लावून वरचे बिट कापत बसा.

मेमरी वाचवायला इंट३२ घेणाऱ्यांनी मात्र हिशोब तपासावा. ६४ बिटी जीएचसीवर (हॅस्केलचा कंपायलर) डब्यातला, म्हणजे पॉइंटरमागे वेगळा ठेवलेला, इंट३२ १६ बाइट खातो, साधा इंटही तेवढेच. लिस्टमध्ये दर घटकामागे आणखी २४. बचत खरी होते ती डब्याविना आकडे ओळीने ठेवणाऱ्या अनबॉक्स्ड व्हेक्टरमध्ये, तिथे ४ बाइट म्हणजे ४च. लिस्टमध्ये ठेवून काटकसर म्हणणं म्हणजे दहा रुपये वाचवायला शंभराची रिक्षा.

किरकोळ: वर्ड८मधल्या शून्यावर 'प्रेड' (आधीचा आकडा देणारं फंक्शन) चालवलं तर प्रोग्राम पडतो, एक वजा केला तर २५५ येतात. इंट८च्या उणे १२८चं 'ॲब्स' (चिन्ह काढून टाकणारं फंक्शन) उणे १२८च.

सध्या पैसे सगळे इंट६४मध्ये, इंट३२ फक्त फाइल वाचताना-लिहिताना. उघडं फ्रॉमइंटिग्रल दिसलं की रिव्ह्यू परत. टाइप ॲप्लिकेशनने, म्हणजे फंक्शनला टाइप उघड सांगायच्या सोयीने, दोन्ही टाइप शेजारी लिहायचे. मग फील्ड बदललं की ती ओळ कंपाइलच होत नाही. साडेतीन तारे.