इंडोनेशियन की प्वेब्लो? अमेरिकेतल्या दोन छोट्या समाजांची आर्थिक तुलना करण्याआधी

प्रबंधासाठी अमेरिकेतला एखादा छोटा समाज निवडायचा आहे आणि नावं गाळता गाळता शेवटी इंडोनेशियन आणि प्वेब्लो (अमेरिकेच्या नैऋत्येतले मूळ रहिवासी; त्यांच्या गावालाही प्वेब्लोच म्हणतात) ही दोनच उरली आहेत, अशा विद्यार्थ्यासाठी हा आढावा आहे. जनगणना म्हणजे काय, एसीएस म्हणजे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे कसा चालतो, हे माहीत आहे असं धरून लिहितो.

वरवरचं उत्तर पहिल्या दिवशीच हाती येतं. इंडोनेशियन कुटुंबांचं मध्यम (मीडियन) उत्पन्न जास्त, प्वेब्लोंमधली गरिबी जास्त. तेवढ्यावर थांबायचं असेल तर प्रबंधाची गरजच नाही. खरा प्रश्न असा, की या दोन आकड्यांच्या मागे नेमकी कोणती माणसं उभी आहेत, आणि त्यांचा पैसा रकान्यात दिसतो का.

आधी इंडोनेशियन. हा एक समाज नाही, निदान तीन तरी आहेत. पहिले डच-इंडोनेशियन मिश्र घराण्यांतले, ज्यांना ‘इंडो’ म्हणतात. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर ते आधी हॉलंडला गेले आणि १९५३चा निर्वासित कायदा आणि १९५८चा पास्टोर-वॉल्टर कायदा यांच्या आधाराने अमेरिकेत आले, बरेचसे दक्षिण कॅलिफोर्नियात. दुसरे १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर शिक्षण, नोकरी किंवा चर्चच्या वाटेने आलेले. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडाभोवतीचे ख्रिस्ती अ‍ॅडव्हेंटिस्ट त्यांतलेच. तिसरे इंडोनेशियातल्या मे १९९८च्या चिनीविरोधी दंगलींच्या आगेमागे आलेले, ज्यांत चिनी वंशाचे ख्रिस्ती खूप. दक्षिण फिलाडेल्फिया आणि न्यू हॅम्पशायरमधलं सॉमर्सवर्थ-डोव्हर ही त्यांची ठिकाणं.

तिसऱ्या गटाची आर्थिक स्थिती एका तारखेवर ठरली, आणि ती तारीख कुठल्याही तक्त्यात नाही. १९९६च्या कायद्याने आश्रयाचा अर्ज देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत करणं बंधनकारक झालं. पर्यटक व्हिसावर आलेल्या अनेकांना हे कळेपर्यंत वर्ष उलटून गेलं होतं. मग उरलं ते स्थलांतर खात्याकडे वर्षानुवर्षं हजेरी लावत राहणं. २०१७मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या अशा लोकांना देश सोडायला सांगितलं गेलं आणि फेब्रुवारी २०१८मध्ये बॉस्टनच्या संघीय न्यायालयाने ते थांबवलं. कागद पक्का नसला की माणूस मजूर पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत कारखान्यात जातो, पगारवाढ मागत नाही, नोकरी बदलायला घाबरतो. जनगणना नागरिकत्व विचारत नाही. एसीएस विचारतं, पण नागरिक नसलेल्याचा कागद कोणता, हे तेही विचारत नाही. त्यामुळे लोमा लिंडाच्या इस्पितळातली नर्स आणि एजन्सीच्या व्हॅनमधून कारखान्यात जाणारा मजूर एकाच सरासरीत बसतात.

इथवरची अडचण कुठल्याही स्थलांतरित समाजाची आहे आणि ती निभावता येते. माझा कौल ज्या एका गोष्टीने फिरवला ती वेगळी: जनगणनेच्या फॉर्मवरची चौकट.

वंशाच्या प्रश्नात आशियाई लोकांसाठी चिनी, फिलिपिनो, भारतीय, व्हिएतनामी, कोरियन, जपानी अशा तयार चौकटी आहेत. इंडोनेशियन नाही. त्याने ‘इतर आशियाई’वर खूण करून पुढे हाताने लिहायचं. चिनी वंशाच्या इंडोनेशियन माणसाला ‘चिनी’ ही चौकट आधी दिसते, तिच्यावर खूण झाली की तो आपल्या नमुन्यातून गेला. इंडो आजोबा ‘गोरा’वर खूण करतात, तेही गेले. उरतात ते ज्यांनी सवड काढून शब्द लिहिला. २०१०च्या जनगणनेत फक्त ‘इंडोनेशियन’ एवढंच लिहिणारे ६३,३८३ होते. इतर कुठल्याही वंशासोबत लिहिलेले धरले तर ९५,२७०. म्हणजे कोणती व्याख्या धरली यावर समाजाचा एक तृतीयांश भाग येतो किंवा जातो. आणि जाणारे सगळे एका उत्पन्नगटातले नाहीत. इंडो घराणी दोन पिढ्या स्थिरावलेली आहेत, १९९८चे लोक अजून पाय रोवताहेत.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे वंश सोडून जन्मस्थान धरायचं. एसीएसच्या तक्ता बी-०५००६ मध्ये इंडोनेशियात जन्मलेल्यांची संख्या मिळते. आयपम्स या संशोधकांसाठीच्या साठ्यातल्या सूक्ष्म आकडेवारीत जन्मस्थानाचा संकेतांक ५१२ घेतला की माणसागणिक उत्पन्न, शिक्षण, घरभाडं सगळं हाताशी येतं. पण मग अमेरिकेत जन्मलेली मुलं सुटतात आणि १९४०च्या दशकात बटावियात (आजच्या जकार्तात) जन्मलेले डच आजोबा आत येतात. पूर्वजांचं मूळ सांगणारा तिसरा रकाना आहे. त्यात तिसरंच उत्तर मिळतं. तिन्ही व्याख्यांनी हिशेब करून तिन्ही निकाल शेजारीशेजारी छापणं हाच प्रामाणिक मार्ग. तो धरला तर प्रबंधाचा अर्धा भाग ‘इंडोनेशियन कोण’ यावर खर्च होतो. तो प्रश्न क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. पण आर्थिक स्थितीवर लिहायला बसलेल्याला तो वाटेतच अडवतो. त्यात भूगोलाचीही अडचण: सूक्ष्म आकडेवारीतलं सर्वात लहान क्षेत्र, ज्याला प्यूमा म्हणतात, किमान एक लाख वस्तीचं असतं. दक्षिण फिलाडेल्फियाचे चार रस्ते त्यात वेगळे काढता येत नाहीत.

प्वेब्लोंच्या बाबतीत सीमा जमिनीने आखलेली आहे. न्यू मेक्सिकोत १९ प्वेब्लो, अ‍ॅरिझोनात होपी, टेक्सासमध्ये एल पासोजवळ यस्लेटा देल सुर. प्रत्येकाचा भूभाग जनगणना खात्याच्या नकाशात स्वतंत्र आहे आणि एसीएसचे पाच वर्षांचे तक्ते त्या त्या भूभागासाठी थेट मिळतात. एका वर्षाचे मिळत नाहीत, कारण त्यांना ६५,००० वस्ती लागते. बी-१९०१३ मध्यम घरगुती उत्पन्नासाठी, बी-१७००१ गरिबीसाठी, बी-१९३०१ दरडोई उत्पन्नासाठी. दुपारभरात कच्चा तक्ता तयार होतो.

यातही खड्डे आहेत, पण ते कुठे आहेत ते आधी माहीत असतं. सगळ्यात मोठा खड्डा असा, की प्वेब्लोच्या भूभागात राहणारा प्रत्येक जण प्वेब्लो नसतो. स्पॅनिश काळापासून आत खासगी जमिनी आहेत. एस्पॅन्योला शहराचा भाग सांता क्लाराच्या हद्दीत येतो, तावस प्वेब्लोच्या आकड्यांत तावस गावाकडची वस्ती मिसळते, पोहाकेचीही तीच गत. तिथे सरसकट आकडा घेतला तर शेजाऱ्यांचं उत्पन्न प्वेब्लोच्या नावावर लिहिलं जाईल. म्हणून तक्त्याच्या नावाच्या शेवटी ‘सी’ असलेली आवृत्ती घ्यायची, उदाहरणार्थ बी-१९०१३-सी. त्यात फक्त अमेरिकन इंडियन आणि अलास्कातले मूळ रहिवासी असतात.

दुसरा खड्डा नमुन्याच्या आकाराचा. पिकुरिस किंवा नांबेसारख्या लहान प्वेब्लोत चुकीची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ते) इतकी रुंद असते की मध्यम उत्पन्न छापण्यात अर्थ नाही. एसीएसची मर्यादा ९० टक्के खात्रीची असते, तिला १.६४५ने भागलं की प्रमाणत्रुटी मिळते. ती अंदाजाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठी निघाली तर तो आकडा एकटा वापरू नका, शेजारचे प्वेब्लो एकत्र करा. एकत्र करताना मध्यम उत्पन्नांची सरासरी काढायची नाही, ही चूक सर्रास होते. बी-१९०२५मधलं एकूण उत्पन्न बेरजेला घ्या, कुटुंबांच्या एकूण संख्येने भागा. चुकीच्या मर्यादा सरळ बेरीज करून जोडत नाहीत. त्यांचे वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढायचं. आणि २०१५-१९ची तुलना २०१७-२१शी नको, मधली तीन वर्षं दोन्हींत आहेत. २०१४-१८ विरुद्ध २०१९-२३ चालेल.

तिसरा खड्डा मोजणीचाच. जनगणना खात्याच्या स्वतःच्या पडताळणीनुसार २०२०मध्ये राखीव भूभागांवरचे अमेरिकन इंडियन ५.६४ टक्के कमी मोजले गेले, तर आशियाई लोक २.६२ टक्के जास्त. दोन समाज शेजारी ठेवताना हे वाक्य पहिल्या पानावर हवं.

आता पैशाच्या रूपाकडे, कारण तुलना इथे रंगते. प्वेब्लोंमध्ये बराचसा लाभ उत्पन्न म्हणून घरात येतच नाही. सँडिया, इस्लेटा, पोहाके, लगुना यांचे कॅसिनो आहेत; झुनी आणि हेमेस यांचे नाहीत. १९८८च्या कायद्याने कॅसिनोचा नफा जमातीचं शासन, लोककल्याण, आर्थिक विकास अशा ठरावीक कामांनाच वापरता येतो. माणशी रोख वाटायची तर केंद्राच्या इंटिरियर खात्याकडून वाटपाची योजना मंजूर करून घ्यावी लागते, आणि त्या रकमेवर केंद्राचा प्राप्तिकर लागतो. त्यामुळे पैसा शाळा, पाणी, वृद्धांचं जेवण या वाटांनी जातो आणि बी-१९०१३ला त्याचा पत्ता नसतो. आरोग्यातही असंच. इंडियन हेल्थ सर्व्हिस या मूळ रहिवाशांसाठीच्या केंद्रीय आरोग्यसेवेच्या दवाखान्यात उपचार मिळतात, पण जनगणना खातं ती सेवा म्हणजे विमा मानत नाही. फक्त तिच्यावर अवलंबून असलेला माणूस तक्त्यात ‘विमा नसलेला’ म्हणून येतो. घराचं मूल्यही फसवं. जमीन एक तर केंद्र सरकारच्या विश्वस्तीत किंवा प्वेब्लोची असूनही केंद्राच्या संमतीशिवाय विकता न येणारी असल्याने बँकेकडे साधी गहाण ठेवता येत नाही. १९९२पासून कलम १८४ची कर्जहमी आहे, तीही भाडेपट्ट्यावर आणि इंडियन कारभार खात्याचा जमिनीचा दाखला आल्यावरच. घर आहे, हप्ता नाही, पण त्या घरावर धंद्यासाठी कर्जही उचलता येत नाही.

झुनीत घरोघर चांदी, फिरोजा आणि दगडावरचं कोरीवकाम चालतं. तिथली कमाई हंगामी आणि बरीचशी रोखीची. ‘गेल्या बारा महिन्यांतलं निव्वळ उत्पन्न’ असा प्रश्न विचारला की कारागीर अंदाजानेच उत्तर देतो.

इंडोनेशियनांकडेही न दिसणारा पैसा आहे, पण त्याची दिशा उलटी. तो घरात येतो आणि बाहेर जातो: गावी पाठवलेली रक्कम, चर्चचा दशमांश, आणि ‘अरिसान’. अरिसान म्हणजे आपली भिशीच. ठरावीक माणसं, ठरावीक हप्ता, चिठ्ठी निघेल त्याला सगळी रक्कम. भिशी ठाऊक असलेल्या मराठी संशोधकाला हे समजावून द्यावं लागत नाही, आणि मुलाखतीत दार उघडायला याहून चांगला विषय नाही. फक्त भिशीची उचललेली रक्कम उत्पन्नात धरू नका. ती त्याचीच बचत आहे, वेळ बदललेली. शिवाय एका घरात तीन-चार कमावते राहत असतील तर घरगुती उत्पन्न फुगलेलं दिसतं. त्यासाठी उत्पन्नाला घरातल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमूळाने भागायचं. समजा चार जणांच्या घरात ८०,००० डॉलर आले, तर तुलनेचा आकडा ४०,०००; एकट्या माणसाने ४०,००० कमावले तरी तोच. अधिकृत दारिद्र्यरेषा देशभर एकच आहे, लॉस एंजेलिसच्या भाड्याचा आणि झुनीच्या भाड्याचा फरक ती मानत नाही. म्हणून प्रादेशिक किंमत निर्देशांकाने आकडे समतल करून घ्या. एवढं केलं की दोन समाजांतली दरी सुरुवातीला दिसली तेवढी राहत नाही. मिटत मात्र नाही.

मग निवडावं काय? हाताशी चार महिने असतील, फिलाडेल्फियात किंवा न्यू हॅम्पशायरमध्ये ओळखी असतील आणि स्थलांतराच्या कायद्यात रस असेल, तर इंडोनेशियन घेणं शहाणपणाचं ठरू शकेल. त्यांच्यात कुणा एकाची परवानगी लागत नाही, आणि मुलाखतीत कागदपत्रांबद्दल एकही प्रश्न न विचारण्याचं पथ्य पाळलं तर लोक बोलतात. पण ‘हे असं का झालं’ याचं उत्तर शोधायचं असेल, तर माझा कल प्वेब्लोंकडे आहे. तिथे कारण आणि परिणाम एकाच नकाशावर सापडतात. कोचिती धरण १९७५मध्ये पुरं झालं आणि कोचितीची शेतजमीन गेली. तावसला ब्लू लेक आणि ४८,००० एकर १९७०मध्ये परत मिळाले.

लगुना घेतलं तर फारच उत्तम. जॅकपाइल युरेनियम खाण १९५३ ते १९८२ चालली, पगार आले आणि थांबले. मग १९८९ ते १९९५ या काळात ती खाण बुजवण्याचं काम प्वेब्लोच्याच बांधकाम कंपनीने केलं. २०१३मध्ये ती जागा विषारी ठिकाणांच्या राष्ट्रीय यादीत गेली. दशकागणिक जनगणना या प्रत्येक टप्प्याच्या अलीकडे-पलीकडे पडते.

छापील आकड्यांना परवानगी लागत नाही. पण गावात पाऊल टाकून एकही प्रश्न विचारायचा असेल तर त्या प्वेब्लोच्या गव्हर्नर आणि कौन्सिलची लेखी संमती हवी, विद्यापीठाच्या नीती समितीची पुरत नाही. विधींबद्दल विचारायचं नाही, फोटो आणि ध्वनिमुद्रण बहुतेक ठिकाणी वर्ज्य, आणि मसुदा छापण्याआधी त्यांना दाखवायचा. अर्ज ऑक्टोबरात करू नका. अनेक प्वेब्लोंत गव्हर्नरचं पद एका वर्षाचं असतं आणि जानेवारीच्या सुरुवातीला लिंकनच्या काळातली चांदीच्या मुठीची काठी नव्या माणसाच्या हाती जाते. जुन्याला समजावलेलं सगळं मग नव्याला पहिल्यापासून सांगावं लागतं. फेब्रुवारीत अर्ज करा, म्हणजे उत्तराला जवळजवळ पूर्ण वर्ष मिळतं.