सैन्यदलांच्या हुद्द्यांचा तक्ता : छपाई देखणी, पण ‘कॅप्टन’ची रांग चुकली

एनडीएच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिकेत लावावा म्हणून तिन्ही सैन्यदलांच्या हुद्द्यांचा हा मराठी तक्ता अप्पा बळवंत चौकातून दीडशे रुपयांना घेतला. कागद जाड आहे, लॅमिनेशनही चांगले आहे. नायब सुभेदार आणि सुभेदार यांच्या ताऱ्यांखालची रंगीत पट्टी इतकी स्पष्ट छापली आहे की, दोन ताऱ्यांचा सुभेदार आणि दोन ताऱ्यांचाच लेफ्टनंट यांतला फरक मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

घोटाळा आहे तो समकक्ष हुद्द्यांच्या रांगांत. नाव एकच म्हणून भूदलाचा कॅप्टन आणि नौदलाचा कॅप्टन शेजारीशेजारी बसवले आहेत. भूदलात कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळाल्यानंतर साधारण दोन वर्षांनी लेफ्टनंटचा कॅप्टन होतो आणि खांद्यावर तिसरा तारा चढतो. त्याच्या बरोबरीला नौदलात लेफ्टनंट आणि हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट येतो. नौदलाचा कॅप्टन मात्र लेफ्टनंट कमांडर आणि कमांडर या पायऱ्या चढून आलेला, चार सोनेरी पट्ट्यांचा ज्येष्ठ अधिकारी असून तो भूदलाच्या कर्नलच्या आणि हवाई दलाच्या ग्रुप कॅप्टनच्या तोडीचा असतो. कारगिलमध्ये 1999 साली हुतात्मा झालेले कॅप्टन विक्रम बत्रा 24 वर्षांचे होते, तर 1971 च्या युद्धात ‘खुकरी’ या युद्धनौकेबरोबर जलसमाधी घेणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला 45 वर्षांचे, हे सांगितल्यावर मुलांना हे अंतर चटकन उमगले.

नौदलात युद्धनौकेच्या प्रमुखाला, त्याचा हुद्दा कमांडरचा असला तरी, बोलताना कॅप्टनच म्हणतात आणि व्यापारी जहाजावरही तीच रीत आहे. म्हणजे तिथे हा शब्द हुद्द्यापेक्षा जबाबदारी सांगतो. याबद्दल तळाशी एक ओळ सहज मावली असती. त्याऐवजी तिथे प्रकाशकाने स्वतःच्या इतर तक्त्यांची जाहिरात छापली आहे!

चिन्हांची ओळख पटवण्यासाठी तक्ता जरूर घ्यावा. समकक्षतेसाठी त्यावर विसंबू नये. आम्ही ती रांग पांढऱ्या पट्टीने झाकून वर हाताने दुरुस्ती लिहिली आहे. दुकानात तक्ता घडी घालून देतात आणि घडीवर लॅमिनेशन लगेच तडकते, त्यामुळे गुंडाळी करूनच मागावा.