मॉन्ट्रियलहून क्युबेक सिटी: एका दिवसाची बस टूर घ्यावी का? (ट्रेन आणि फेरीसकट रिव्ह्यू)

उन्हाळ्यात कॅनडात मॉन्ट्रियल आणि क्युबेक सिटी अशी ट्रिप ठरवणारे बहुतेक सगळे एकाच ठिकाणी अडकतात, हॉटेल मॉन्ट्रियललाच ठेवून क्युबेक सिटी एका दिवसात उरकायची की तिकडे वेगळं राहायचं. आमच्याकडे यावरून बरीच वादावादी झाली आणि शेवटी दोन पार्ट्या पडल्या, नणंद आणि भाऊजींनी मॉन्ट्रियलहून निघणारी एक दिवसाची बस टूर घेतली आणि आम्ही पोरांना घेऊन ट्रेनने जाऊन तिकडेच मुक्काम टाकला. त्यामुळे दोन्हींचा रिव्ह्यू एकदमच देता येतोय. टूर कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अशा टूर विकणारे बरेच आहेत आणि कार्यक्रम थोड्याफार फरकाने सगळ्यांचा सारखाच दिसतो.

आधी बसबद्दल. दोन शहरांत साधारण 250 किलोमीटर, म्हणजे जायला तीन तास यायला तीन तास, ट्रॅफिक लागला तर अजून. टूर "बारा तासांची" म्हणून विकतात पण त्यातला अर्धा वेळ तुम्ही हायवेवर असता आणि हा हायवे काही बघण्यासारखा नाही, सपाट शेतं, गोठे, पेट्रोल पंप, परत शेतं. गाइड इंग्लिश आणि फ्रेंच दोन्हीत बोलतो त्यामुळे प्रत्येक जोक दोनदा ऐकावा लागतो, भाऊजी म्हणाले दुसऱ्यांदा फ्रेंचमध्ये जास्त बरा वाटत होता.

मग मॉन्टमोरेन्सी धबधबा. हा 83 मीटर उंच आहे, नायगाऱ्यापेक्षा जवळजवळ 30 मीटर जास्त, रुंदीला मात्र काहीच नाही. वर झुलता पूल आहे, केबल कार आहे आणि बाजूने 487 पायऱ्यांचा जिना आहे, खालून वर चढत गेलात तर तुषार अंगावर घेत घेत जाता येतं. बसवाले इथे पाऊण तास देतात. पाऊण तासात एक तर केबल कारची लाइन नाहीतर जिना, आणि मध्ये वॉशरूम. म्हणजे खालून फोटो काढायचा आणि बसमध्ये चढायचं, धावतं दर्शन.

त्यानंतर जुनं शहर, तासभर गाइडबरोबर आणि मग "फ्री टाइम". आम्ही आदल्या दिवशीच पोचलो होतो म्हणून ड्युफरिन टेरेसवर भेटायचं ठरवलं होतं. शातो फ्राँतनाक हॉटेलसमोरचा हा कड्यावरचा लाकडी फळ्यांचा लांबलचक फिरायचा रस्ता, खाली सेंट लॉरेन्स नदी, बाजूला कोणीतरी अकॉर्डियन वाजवतंय, आणि आमचे भाऊजी एका हातात पुटीनचा (फ्राइजवर चीज आणि ग्रेव्ही) अर्धा खाल्लेला डबा आणि दुसऱ्या हातात फोन, त्यावर बस सुटायला किती वेळ उरलाय ते बघतायत. ताई म्हणाल्या, "अगं, जेवायला बसू का किल्ला बघू, दोन्ही होतच नाही." कड्यावरच्या वरच्या शहरातून नदीकाठच्या खालच्या शहरात नेणाऱ्या फ्युनिक्युलरच्या, म्हणजे रुळांवरच्या लिफ्टच्या, लाइनमध्ये उभं राहून त्यांनी मधूनच नाद सोडला होता. खालचं शहर त्यांनी बघितलं ते वरून, कठड्यावरून. म्हणजे प्लास रॉयाल, जिथे 1608 मध्ये शाँप्लेन या फ्रेंच दर्यावर्दीने वस्ती वसवली, तिथे त्यांचा पायच लागला नाही!

तरी बसची बाजूही सांगते. गाइडला माहिती चांगली होती, एसी व्यवस्थित, वयस्कर माणसांना बॅगा ओढायची कटकट नाही, आणि तुमच्याकडे खरोखर एकच दिवस शिल्लक असेल तर काहीच न बघण्यापेक्षा बरं. पण हातात पाच-सहा दिवस असून ही टूर घेणार असाल तर पैसे वाया. 5 पैकी 2 स्टार, त्यातला एक गाइडसाठी.

आता ट्रेन. व्हिया रेल या कॅनडाच्या प्रवासी रेल्वे कंपनीची ही गाडी मॉन्ट्रियलच्या गार सेंट्राल स्टेशनवरून निघते आणि सव्वातीन-साडेतीन तासांत पोचवते, म्हणजे बसपेक्षा फास्ट वगैरे काही नाही हे आधीच समजून घ्या. रूळ बऱ्याच ठिकाणी मालगाड्यांच्या कंपनीचे आहेत त्यामुळे प्रवासी गाडीला थांबावं लागू शकतं, पोचल्यावर लगेच कुठलं बुकिंग ठेवू नका. या मार्गावर 2022 पासून नवीन डबे यायला लागलेत, सीट मोठ्या, खिडक्या मोठ्या, चार्जिंग आहे, वायफाय नावापुरतं. तिकिटाचे भाव तारीख जवळ आली की चढत जातात, म्हणून तारखा पक्क्या झाल्या की लगेच काढून टाका, आणि सामानाला किती नग आणि किती वजन चालतं ते तिकीट काढतानाच वाचा, आपली मंडळी चार बॅगा घेऊन निघतात म्हणून सांगतेय. गार सेंट्रालवर थेट प्लॅटफॉर्मवर जाता येत नाही, वर हॉलमध्ये गेटसमोर लाइन लागते आणि मग खाली सोडतात.

या प्रवासातली बघायची गोष्ट शेवटी येते, सेंट-फॉय स्टेशनच्या आधी, क्युबेक ब्रिज. गाडी सगळा वेळ नदीच्या दक्षिणेकडून जाते आणि इथे नदी ओलांडते, लोखंडी तिरक्या खांबांचा प्रचंड सांगाडा खिडकीच्या बाहेरून सरकायला लागतो, मधून मधून खाली नदी दिसते. हा पूल बांधताना दोनदा कोसळला, 1907 मध्ये 75 कामगार गेले, त्यातले 33 जण मॉन्ट्रियलशेजारच्या कानावागे गावचे मोहॉक या मूळनिवासी जमातीचे लोखंडकामगार होते, मग 1916 मध्ये मधला भाग वर उचलताना तोच नदीत पडला, त्यात 13 गेले. 1917 मध्ये एकदाचा पुरा झाला, आणि कँटिलिव्हर पुलांमध्ये (दोन्ही खांबांवरून पुढे काढलेल्या हातांवर पेललेले पूल) 549 मीटरचा त्याचा मधला गाळा अजूनही जगात सगळ्यात लांब आहे. आमच्या डब्यातली अर्धी माणसं तेव्हा झोपलेली होती. आणि हो, सेंट-फॉयला उतरायच्या घाईत उठू नका, ते उपनगर आहे, तुमचं स्टेशन त्याच्या पुढचं, गार द्यु पाले, तिकडे पोचायला अजून वीसेक मिनिटं.

गार द्यु पाले 1915 चं, बाहेरून छोटा राजवाडाच. इथून खालच्या शहरात रू सेंट-पॉलकडे चालत पंधरा मिनिटं सपाट रस्ता आहे, वरच्या शहरात मात्र चढ, आणि तोही दगडी फरसबंदीवरून चाकाची बॅग ओढत, नुसता खडखडाट. हॉटेल वरच्या शहरात असेल तर सरळ टॅक्सी करा. ट्रेनला 4 स्टार, एक स्टार वेळेच्या भरवशासाठी कापला.

मुक्काम करायचा म्हणते त्याचं कारण संध्याकाळ. जूनअखेरीला इकडे पावणेनऊच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे टूर बसेस निघून गेल्यावरसुद्धा तुमच्याकडे भरपूर उजेड शिल्लक असतो, आणि दुपारी जिथे खांद्याला खांदा घासत चालायला लागतं त्या पेती-शाँप्लेन गल्लीत आरामात चालता येतं. भिंतींवरूनही तेव्हा फिरा, मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत असलेलं हे एकच शहर उरलंय, साधारण साडेचार किलोमीटरचा तट, वरून चालायला पैसे लागत नाहीत, युनेस्कोच्या यादीत 1985 पासून आहे. फ्युनिक्युलर 1879 पासूनची, मजेशीर आहे, खालचं स्टेशन लुई जोलिएच्या 1683 च्या घरात आहे, पण एक-दोन मिनिटांत राइड संपते. गुडघे बरे असतील तर बाजूच्या कास-कू जिन्याने उतरा आणि येताना फ्युनिक्युलरने या.

पण सगळ्यात पैसा वसूल कुठे झाला विचाराल तर लेव्हीची फेरी. ही काही टुरिस्ट बोट नाही, पलीकडच्या लेव्ही गावातले लोक ऑफिसला जायला-यायला वापरतात, सायकली आणि गाड्यासुद्धा चढतात. प्लास रॉयालपासून दोन मिनिटांवर धक्का, जाऊन-येऊन 10 डॉलरच्या आत, पार व्हायला दहा-बारा मिनिटं. सूर्य खाली उतरताना निघा, वरच्या डेकवर मागच्या बाजूला उभे राहा, आणि बोट सुटली की शातो, टेरेस, कडा, खालची दगडी घरं असं सगळं शहर एका फ्रेममध्ये येतं जे शहरात राहून कधीच दिसत नाही. वारा सणसणीत लागतो, जुलैत पण जॅकेट न्या. पलीकडे कारंजी आहेत, पोरं तिथे चिंब भिजली आणि आम्ही आरामखुर्च्यांवर बसून समोरच्या तीरावर एकेक दिवा लागताना बघत बसलो, नंतरची बोट सोडून त्याच्या पुढचीने आलो. इकडचे लोक ज्या क्रूझवर चौपट पैसे घालतात त्यापेक्षा हे कधीही बरं. पूर्ण 5 स्टार.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्राहमचं पठार. टेरेसच्या टोकापासून 310 पायऱ्यांची प्रोमेनाड कड्याला चिकटून वर जाते. 13 सप्टेंबर 1759 ला इथे इंग्रज आणि फ्रेंच अर्ध्या तासाच्या आत लढून मोकळे झाले आणि दोन्हीकडचे सेनापती, वुल्फ आणि माँकाम, दोघंही त्यात गेले. आता तिथे लोक जॉगिंग करतात. शेजारच्या सिटाडेल किल्ल्यामध्ये उन्हाळ्यात सकाळी 10 ला गार्ड बदलतात आणि परेडमध्ये बातिस नावाचा रेजिमेंटचा बोकड असतो, आमच्या धाकट्याला अख्ख्या कॅनडात तोच आवडला. रोज असतंच असं धरून जाऊ नका, आधी वेळापत्रक बघा.

मॉन्ट्रियलबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. एअरपोर्टवरून 747 नंबरची बस घ्या, साधारण 11 डॉलरमध्ये 24 तास मेट्रो आणि बस पण त्याच तिकिटावर, टॅक्सीची गरजच नाही. जुनं शहर सुंदर आहे पण क्युबेक सिटीच्या आधी बघा, नंतर बघितलं तर फिकं वाटतं. 1642 मध्ये शहर जिथे सुरू झालं बरोबर त्याच जागेवर प्वांत-आ-कालिएर म्युझियम आहे, खाली तळघरात जुन्या पायाचे दगड बघत फिरता येतं, पावसाळी दिवस असेल तर हे ठेवा. नोत्र-दाम बॅसिलिकाचं तिकीट महाग वाटतं, तरी आतलं निळं-सोनेरी छत बघून कुरकुर थांबते. माँ रॉयाल टेकडीवर संध्याकाळी जा. बेगल फेअरमाउंट की सेंट-व्हिएटर यावर तिथले लोक भांडतात, दोन्हीकडे लाकडाच्या भट्टीत भाजतात, गरम गरम हातात घेऊन तिथेच फुटपाथवर खा, वाद सोडून द्या.

शाकाहारींसाठी एकच, पुटीनची ग्रेव्ही नेहमीची असेल तर मांसाच्या रश्श्याची असते, बऱ्याच ठिकाणी व्हेज ग्रेव्ही मिळते पण मागावी लागते. वाटाण्याच्या सूपमध्येही हॅम असतं, नावावर जाऊ नका. खिशाचं गणित करताना मेनूवरच्या किमतीत साधारण 15 टक्के टॅक्स मिळवा आणि वर 15-20 टक्के टिप, टिप टॅक्सच्या आधीच्या रकमेवर द्यायची, 2025 पासून तिथल्या कायद्यानेच मशीनवर तसं दाखवायला लागतं, तरी एकदा नजर टाका.

तारखांचं बघाल तर 24 जून आणि 1 जुलै सुट्ट्या, 1 जुलैला तर मॉन्ट्रियलमध्ये अर्धं शहर घर बदलत असतं, गल्लोगल्ली सामानाचे ट्रक आणि फुटपाथवर सोफे. जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला जॅझ फेस्टिव्हल, त्यातले बरेच शो फुकट. जुलैत क्युबेक सिटीचा "फेस्टिव्हल देते" हा उन्हाळी संगीत महोत्सव असतो, पठारावर मोठं स्टेज, तेव्हा हॉटेलांचे भाव आकाशाला भिडतात. आणि जुलैचे शेवटचे दोन आठवडे तिथल्या बांधकाम कामगारांची ठरलेली सुट्टी असते, त्याबरोबर निम्मा प्रांत फिरायला बाहेर पडतो, तेव्हा जाणार असाल तर क्युबेक सिटीचं हॉटेल आधी बुक करा, मॉन्ट्रियलचं नंतर, तिकडे पर्याय भरपूर आहेत.