ग्लोबल स्नो लॅबचे बर्फाचे नकाशे: फुकट आहेत, भारी आहेत, फक्त एकटे वाचू नका

बर्फ कुठवर पसरलाय हे बघायला रट्गर्स युनिव्हर्सिटीच्या ग्लोबल स्नो लॅबची साइट वापरतोय, म्हटलं एकदा लिहून टाकू. दिसायला एकदम साधी, पण आत माल आहे. उत्तर गोलार्धातलं बर्फाचं आच्छादन, थेट 1966 पासूनचं, शिवाय सरासरीपेक्षा कुठे जास्त कुठे कमी याचे वेगळे नकाशे, आणि सगळं फुकट.

खरी मजा येते ती नोआ या अमेरिकी हवामान-समुद्र संस्थेच्या क्लायमेट प्रेडिक्शन सेंटरवरचे एओ (आर्क्टिक ऑसिलेशन: ध्रुवाकडचा आणि त्याच्या दक्षिणेचा हवेचा दाब यांच्यातला चढउतार) आणि एनएओ (नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन: तसाच चढउतार, पण उत्तर अटलांटिकवरचा) यांचे आकडे शेजारच्या टॅबमध्ये उघडले की. फेब्रुवारी 2010 लावून बघा. त्या महिन्यात आर्क्टिक ऑसिलेशन उणे 4.27 वर गेलं होतं, म्हणजे ध्रुवाकडे हवेचा दाब चढलेला, त्याला वेढा घालणारे पश्चिमी वारे ढिले पडलेले, मग जेट स्ट्रीम (उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा) नागमोडी होत खाली सरकली आणि गारठा युरोपात आणि अमेरिकेच्या पूर्वेकडे घुसला, वॉशिंग्टन तर बर्फाने ठप्पच झालं होतं. त्यात तो हिवाळा एल निनोचा, त्यामुळे दक्षिणेकडून ओलावा आयताच मिळाला. नुसत्या थंडीने बर्फ पडत नाही ना, वाफ पण लागते, हे बरेच जण विसरतात.

आता कुठे कमी पडते ते. नकाशा फक्त बर्फ आहे की नाही एवढंच सांगतो, दोन बोटं असो नाहीतर पुरुषभर, रंग तोच. एनएओ धन, म्हणजे शून्याच्या वर असलं की अटलांटिकवरची उबदार दमट हवा उत्तर युरोपात शिरते, सखल भागात पाऊस पडून बर्फ जातो, पण नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांवर तोच ओलावा बर्फ होऊन साचतो. 1990 च्या दशकात तिथल्या काही हिमनद्या चक्क पुढे सरकल्या त्या अशा हिवाळ्यांमुळेच. म्हणजे इंडेक्स एक आणि खाली-वर परिणाम उलटे, आणि यातला डोंगरावरचा अर्धा भाग या नकाशात कळतच नाही.

दुसरं म्हणजे जुने नकाशे माणसांनी उपग्रहाचे फोटो बघून आठवड्याला एक असे काढलेले, एकेक चौकोन साधारण 190 किलोमीटरचा. 1999 पासून आयएमएस या अमेरिकी बर्फ-नकाशा यंत्रणेचे रोजचे बारीक नकाशे वापरतात. त्यामुळे लांबचे ट्रेंड काढताना जरा जपून. ऑक्टोबरमध्ये बर्फ वाढतोय असं यात दिसतं, पण बाकीच्या बऱ्याच डेटासेटमध्ये ते दिसत नाही. मे-जूनची घट मात्र तिकडेही आहे, ती बिनधास्त धरा.

पाचपैकी चार स्टार. एखाद्या दरीचं किंवा धरणाच्या पाण्याचं गणित करायचं असेल तर इकडे येऊच नका, बर्फाची जाडी देणारा दुसरा डेटा शोधा.