काम टाळून वाचत बसायचे सहा महिने: वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, हा कुठल्या ॲपचा किंवा कीबोर्डचा रिव्ह्यू नाही, माझ्या सवयीचा आहे. हिंजवडीत बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरच्या बाजूच्या प्रोग्रॅमिंगचं काम करतो. बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं) लावला की सात-आठ मिनिटं मोकळी, तेवढ्यात एक टॅब उघडायचा, आणि मग बिल्ड होऊन जातो, चहा गार होतो, तरी आपण आपले डेटाबेसच्या पोटात काय चालतं ते वाचतोय. बायको म्हणायची टाइमपास, मी म्हणायचो शिकतोय. शेवटी जानेवारीत वही केली, काय वाचलं ते एका ओळीत लिहायचं, कधी कामी आलं तर पुढे टिकमार्क.

पानं भरली, टिकमार्क मोजून चार.

त्यातला एक सांगतोच. फेब्रुवारीत टेस्ट (कोड तपासणारा कोड) लिहायचा कंटाळा म्हणून नेगल अल्गोरिदमवर वाचत बसलेलो. १९८४ चा जॉन नेगलचा उपाय, डेटाची बारकी बारकी पॅकेट सोडून नेटवर्कवर गर्दी करण्यापेक्षा आधीच्याची पोच येईपर्यंत थांबायचं आणि मग एकगठ्ठा पाठवायचं. गंमत अशी की समोरचं मशीन पण पोच द्यायला मुद्दाम जरा थांबतं, म्हणजे दोघंही एकमेकांची वाट बघत बसलेत. म्हटलं छान, आपल्याला काय करायचंय. मे महिन्यात आमची एक सर्व्हिस दर रिक्वेस्टला ४० मिलिसेकंद जास्त खायला लागली, लोड असो नसो, बरोब्बर ४०. सगळे डेटाबेसच्या मागे, मला मात्र आकडा ओळखीचा वाटला, लिनक्सवर उशिराची पोच साधारण तेवढीच थांबते. आम्ही हेडर (वरची माहिती) आणि बॉडी (मुख्य मजकूर) दोन वेगळ्या राइटमध्ये पाठवत होतो, म्हणून दुसरा तुकडा पहिल्याच्या पोचेसाठी अडकायचा. टीसीपी नोडिले, म्हणजे नेगल बंद करणारं सेटिंग, ऑन केलं, विषय संपला. मॅनेजरने विचारलं कसं सुचलं, आता काय सांगणार, तुमचं काम टाळताना?

पण खरं सांगू का, नेगल मला 'येत' नव्हताच. नुसता कानावरून गेलेला, म्हणून कुठे बघायचं ते कळलं. समजला तो टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं टूल) लावून पॅकेटच्या वेळा स्वतः बघितल्या तेव्हा.

उलटं उदाहरण रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या बॉरो चेकरचं, म्हणजे मेमरी वापरायचे नियम तपासणाऱ्या कंपायलरच्या भागाचं. वाकडच्या पुलावर बस अडकली की तेच वाचायचो, सगळं कळल्यासारखं वाटायचं. एका रविवारी कोथरूडला घरी साधी लिंक्ड लिस्ट (एकाला एक जोडलेल्या घटकांची यादी) लिहायला घेतली तर कंपायलरने दुपारपर्यंत घाम फोडला. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, उतारा परत परत वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे. (हे पण काम टाळतानाच वाचलंय, टिकमार्क द्यायचा का ठरत नाहीये.)

कुठलं फ्रेमवर्क भारी असल्या भांडणांना एकही टिकमार्क नाही, चारही जुन्या, खालच्या थरातल्या गोष्टींना. आणि वेळ प्रचंड जातो, वाचायला पाऊण तास, वर अर्धवट सोडलेला कोड डोक्यात परत भरायला वीस मिनिटं वेगळी.

जूनपासून टॅब बंद करून आठवेल तेवढं वहीत दोन ओळींत लिहितो, नाही आठवलं तर काट मारतो. टॅब निम्मे झालेत. फेब्रुवारीतल्या त्या टेस्ट अजून तशाच पडल्यात.