साताऱ्यात घेतलेलं १०एक्सचं भिंग आणि डबक्यातले पाणभुंगेरे

पाण्यातले किडे बघायचे असतील तर ६०एक्स, १००एक्स असं काय काय छापलेलं लाइटवालं भिंग घेऊ नका, सरळ १०एक्सची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी तीन काचांची ट्रिपलेट घ्या, हे आधीच सांगून टाकतो. मी राजवाड्याच्या बाजूला शाळा-कॉलेजच्या लॅबचं सामान मिळतं तिथून घेतली, २१ मिमीची काच, धातूची केस, फिरवली की उघडते. आणि यंदाचा पावसाळा ती यवतेश्वरच्या वर रस्त्याकडेच्या डबक्यांवर वापरतोय. मला बघायचे होते लॅकोफिलस, म्हणजे तीन ते पाच मिलिमीटरचे पिवळसर तपकिरी पाणभुंगेरे, नुसत्या डोळ्यांना कलिंगडाच्या बी एवढेसुद्धा दिसत नाहीत.

१०एक्सच का, तर भिंगाची ताकद वाढली की अंतर कमी होतं. दहापट भिंगाला वस्तू साधारण अडीच सेंटिमीटरवर चालते, वीसपटला सव्वा सेंटिमीटर, आणि खरोखरच साठपट असेल तर चार मिलिमीटर, म्हणजे काच पाण्यातच बुडणार. किडा पाण्यात असतो हो, आणि तो पाण्यातच बघायचा असतो, बाहेर काढून ठेवला तर त्याचं निम्मं शरीर कशासाठी आहे तेच कळत नाही. शिवाय ट्रिपलेटमधे तीन काचा चिकटवलेल्या असतात त्यामुळे कडेला निळ्या-लाल रेघा येत नाहीत, चार मिमीचा भुंगेरा चार सेंटिमीटरचा दिसतो आणि टोकापर्यंत शार्प.

पद्धत अशी. कंदी पेढ्याचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्यायचा, स्वच्छ धुवायचा, त्यात त्याच डबक्याचं बोटभर पाणी आणि चहाच्या गाळणीने उचललेला किडा. भिंग डोळ्याला अगदी टेकवायचं आणि डबा भिंगाकडे आणायचा, उलटं नाही. आधी वरून बघा. डोकं, छाती, पंख सगळं एका सलग रेषेत, कुठे खाच नाही कुठे कंबर नाही. बऱ्याच भुंगेऱ्यांना पाठीवर पंख सुरू होतात तिथे मधोमध बारका त्रिकोण असतो, तो इथे वरून दिसतच नाही, झाकलेला असतो. ही खूण या भिंगातून व्यवस्थित कळते.

मग डबा वर उचलून खालून बघा, खरी मजा इथे आहे. मागच्या पायांचा बुडखा म्हणजे दोन मोठ्या पसरट पाट्या, त्या छातीला पक्क्या जोडलेल्या असतात, हलत नाहीत. त्यामुळे मागचा पाय फक्त मागे-पुढे जातो, जमिनीवर धड चालता येत नाही पण पाण्यात दोन्ही पाय एकदम मारले की बाण सुटल्यासारखा जातो. त्या पायांना केसांची झालर आहे, पाय मागे मारताना ती उघडते आणि पुढे आणताना मिटते, आणि हे १०एक्समधे दिसतं!! जरा थांबावं लागतं, किडा दमून कोपऱ्यात आला की दिसतं. डब्याला झाकण मात्र ठेवा कारण याच मागच्या पायांनी तो कोरड्यात चक्क उडी मारतो, गाळणीतून पण.

श्वासाचं पण बघा. तो शेपटीकडून वर येतो, टोक पाण्याबाहेर काढतो आणि पंखांच्या कवचाखाली हवा भरून खाली जातो, मागे चकचकीत बुडबुडा दिसतो. डोकं वर काढून श्वास घेणारा आणि पोटाखाली चंदेरी दिसणारा किडा सापडला तर तो दुसऱ्याच घराण्यातला, त्याचे पायही एकदम नाही तर आळीपाळीने हलतात.

हे किडे उथळ, साचलेल्या पाण्यात, गवताच्या कडेला बघायचे. नवीन भरलेल्या डबक्यात पण येतात कारण उडतात चांगले, सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची डबकी पाऊस संपला की आटतात तेव्हा उडून दुसरं पाणी गाठावंच लागतं. रात्री दिव्यावरही येतात. शेततळं असेल तर कडेच्या शेवाळात बघा. कास पठारावर मात्र डबे, गाळण्या घेऊन उतरू नका, २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे आणि फुलांच्या नादात तिथली डबकी तशीच तुडवली जातात. तिथे कडेला उकिडवं बसून नुसतं बघा, दोन-तीन मिनिटांत वर येतोच एखादा. आणि कुठेही असाल तरी डासांचं क्रीम लावलेला हात पाण्यात घालू नका प्लीज, आणि किडा त्याच डबक्यात सोडा.

आता तक्रारी. केसची बिजागरी ढिली होते, लेन्स आपोआप बाहेर येते. दोरीसाठी भोक आहे पण दोरी देत नाहीत, ती दुकानात मागून घ्या. आणि या भिंगातून वंश ओळखता येतो, जात नाही. लॅकोफिलसच्या अडीचशेहून जास्त जाती आहेत, बऱ्याच वेळा नराचे जननांग मोठ्या मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय जात ठरत नाही, त्यामुळे जातीपर्यंत जायचं असेल तर हे पुरणार नाही. शाळेतल्या पोरांना, निसर्गाच्या ग्रुपला, ट्रेकला जाणाऱ्यांना मात्र डोळे झाकून घ्या म्हणेन. पाचपैकी साडेचार.

पावसातून आल्यावर काच सुती कपड्याने टिपा, घासू नका, आणि बिजागरीच्या स्क्रूला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, नाहीतर गंज धरतो.