मीटरभर जागेत मटकीचे संशोधन : इंकस्केपवर पोस्टर करताना

महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी २००६ साली सुरू झालेल्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेची तयारी आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात दिवाळीच्या सुट्टीनंतर वेग घेते आणि दरवर्षी प्रयोगांपेक्षा पोस्टरच मुलांना अधिक रडवते. या वेळी तृतीय वर्षाच्या तीन विद्यार्थिनींनी मटकीच्या अंकुरणावर क्षारतेचा काय परिणाम होतो, हे तपासले होते. मिठाची ०, ५०, १००, १५० आणि २०० मिलिमोलर (द्रावणाच्या तीव्रतेचे एकक) अशी पाच द्रावणे, प्रत्येकाच्या तीन पेट्रीडिश (प्रयोगाच्या उथळ, झाकणाच्या बश्या) आणि सात दिवस रोज केलेली मोजणी, एवढे ते नेटके काम होते. ते एक मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद जागेत मांडण्यासाठी आजवर आम्ही पॉवरपॉइंट वापरत आलो. या खेपेस इंकस्केप हे आकृत्या काढण्याचे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर वापरून पाहिले. पुढील परीक्षण पदवीच्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या मार्गदर्शकांची गरज डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. ज्यांचा चित्रकला हाच व्यवसाय आहे, त्यांना त्यात फारसे नवे सापडणार नाही.

इंकस्केप २००३ मध्ये सोडीपोडी नावाच्या दुसऱ्या एका मुक्त प्रकल्पातून वेगळे झाले, आणि त्याची १.० ही आवृत्ती येण्यास २०२० साल उजाडले. हा संथपणा वापरतानाही थोडा जाणवतो. विभागातील जुन्या संगणकावर ते उघडेपर्यंत हजेरी घेऊन होते. एकदा उघडले, की पानाचा आकार मिलिमीटरमध्ये १००० बाय १००० असा द्यावा आणि त्या क्षणापासून खऱ्या मापात काम करावे.

त्याचे खरे मोल आलेखात कळते. एक्सेलमधला आलेख चित्र म्हणून चिकटवला, तर मोठ्या पोस्टरवर त्यातील अक्षरांच्या कडा फुटतात, आणि नेमके तिथेच परीक्षक वाकून पाहतात. आमच्या विद्यार्थिनींनी आलेख पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या साधनाने काढून एसव्हीजी स्वरूपात, म्हणजे चित्र ठिपक्यांऐवजी रेषा-आकृत्यांच्या रूपात जपणाऱ्या फाइलमध्ये, साठवला. इंकस्केपमध्ये तो रेषा, आयत आणि अक्षरे म्हणूनच आला. मीटरभर मोठा केला तरी कडा तीक्ष्ण राहतात. अक्षांवरील आकडे मोठे करणे, स्तंभांचे रंग बदलणे, नको असलेली चौकट काढणे, ही कामे पुन्हा प्रोग्रॅम न चालवता झाली. लाल-हिरव्याच्या जोडीने रंगांधळ्या व्यक्तीची अडचण होते, हे ध्यानात आल्यावर पाचही स्तंभांना एकाच निळ्याच्या फिक्या ते गडद छटा देण्यास दहा मिनिटेही लागली नाहीत.

मात्र याच सोयीत एक धोका दडलेला आहे आणि विज्ञानाच्या पोस्टरसाठी तो मला सर्वांत गंभीर वाटतो. इंकस्केपच्या लेखी आलेख म्हणजे केवळ आकृत्या. त्यामागे आकडे आहेत, हे त्याला ठाऊक नसते. एका विद्यार्थिनीने १५० मिलिमोलरचा स्तंभ ‘जरा वाकडा दिसतो’ म्हणून शेजारच्या स्तंभाच्या रांगेत आणण्यासाठी अलाइनची कळ दाबली आणि स्तंभ अक्षावरून वर उचलला गेला. तिच्या मनात काही वावगे नव्हते. पण आलेखाचा अर्थ बदलला, आणि मूळ आकृतीशी ताडून पाहिले नसते तर तो तसाच छापला गेला असता. त्यामुळे रंग आणि अक्षरांचे काम संपताच संपूर्ण आलेख एका ग्रुपमध्ये बांधून त्याचा थर कुलूपबंद करावा, आणि मोठा-लहान करायचा तो कंट्रोल दाबून, प्रमाण राखूनच. हे मी आता विभागाच्या सूचनाफलकावरच लावून ठेवले आहे.

छायाचित्रांची गोष्ट वेगळी, कारण ती पिक्सेलचीच असतात. फोनच्या कॅमेऱ्यातून थेट घेतलेला ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो पोस्टरवर २५ सेंटिमीटर रुंद लावला, तर इंचाला सुमारे ४०० पिक्सेल मिळतात. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आकसून १६०० पिक्सेलचा झाला, की १६० च्या आसपासच उरतात. फोटो घेताना इंकस्केप एम्बेड (फोटो फाइलमध्येच साठवणे) की लिंक (फोटो बाहेर ठेवून फक्त त्याचा पत्ता नोंदवणे) असे विचारते. लिंक निवडून नुसती फाइल पेनड्राइव्हवर घातली, तर छपाईच्या दुकानातल्या संगणकावर पेट्रीडिशच्या जागी फोटो सापडत नसल्याची सूचना दिसते. आमच्याकडे ती दिसली, तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते.

मजकुराच्या बाबतीत सॉफ्टवेअर ना मदत करते ना अडवते. एक युक्ती मात्र सांगावीशी वाटते. पोस्टर ए-फोर कागदाच्या रुंदीत बसवून घरच्या प्रिंटरवर छापावे. एक मीटरचे २१ सेंटिमीटर होतात, म्हणजे २८ पॉइंटचे अक्षर सहा पॉइंटपेक्षाही किंचित लहान होते. कागद हातात धरून ते कसेबसे वाचता आले, तर पोस्टरसमोर उभ्या असलेल्या माणसालाही वाचता येईल. पहिल्या छपाईत आमची प्रस्तावना वाचताच येईना. अक्षर वाढवायचे तर जागा नव्हती, म्हणून मजकूर कापावा लागला. मटकीचे पोषणमूल्य सांगणारा परिच्छेद गेला, आणि त्याच्या जाण्याने कोणाचेच काही अडले नाही.

तक्ते हा इंकस्केपचा सर्वांत दुबळा भाग आहे. तक्ता करण्याचे साधनच त्यात नाही. रेषा ओढून, आकडे एकेक ठेवून तो रचावा लागतो. बुलेटची यादीही आपोआप होत नाही. ज्यांच्या संशोधनात आलेख कमी आणि तक्ते जास्त, त्यांनी लिबरऑफिस किंवा पॉवरपॉइंटच वापरावे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

स्पर्धेचे पोस्टर इंग्रजीत होते. पण २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, शेजारच्या शाळांतील मुले विभाग पाहायला येतात, म्हणून तेच पोस्टर मराठीत केले. आलेख, रंग, मांडणी तशीच ठेवून फक्त अक्षरे बदलली, आणि एका दुपारी काम झाले. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचा ‘मुक्त’ हा मोफत फॉन्ट आम्ही निवडला. इंकस्केपमध्ये जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी अगदी जागच्या जागी बसली. घोटाळा झाला तो फ्लेक्सच्या दुकानात. वाढदिवसाच्या आणि निवडीच्या शुभेच्छांवर हात बसलेल्या त्या दुकानदाराने आमची पीडीएफ फाइल आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि ‘अंकुरण’ शब्दातील उकार रस्ता चुकून पुढच्या अक्षराखाली जाऊन बसला. यावर उपाय इंकस्केपमध्येच होता. पीडीएफ साठवताना अक्षरांचे बाह्यरेषेत रूपांतर करण्याचा पर्याय निवडला, की अक्षरे आकृत्या बनतात आणि मग कोणत्याही संगणकावर हलत नाहीत. त्यानंतर मजकुरात दुरुस्ती करता येत नाही, म्हणून मूळ एसव्हीजी फाइल वेगळी जपावी लागते.

रंगांच्या बाबतीत इंकस्केपचा सारा हिशेब पडद्याच्या आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा प्रकाश मिसळण्याच्या, पद्धतीने चालतो, तर छपाई चार शाईंची असते. कोंबांच्या रेखाटनासाठी निवडलेला पोपटी पडद्यावर कोवळा दिसत होता. फ्लेक्सवर तो शेवाळी उतरला. दुकानदाराला विनंती केली, तर तो आधी एक वीतभर तुकडा छापून दाखवतो, आणि ते दाखवून घ्यावेच. जाता जाता एक व्यवहाराची बाब : एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट, पण आमच्याकडून साडेतीन बाय साडेतीन, म्हणजे १२.२५ चौरस फुटांचे पैसे घेतले गेले.

शिकायला किती वेळ लागतो, असे इतर विभागांतील सहकारी विचारतात. आमच्या मुलींना हात बसायला आठवडा लागला, तोही रोज तास-दीड तास देऊन. स्पर्धा तीन दिवसांवर आली असेल, तर या वाटेला जाऊ नये. माझ्याकडून इंकस्केपला पाचांपैकी चार गुण. उरलेला एक गुण, दोन रात्री बसून तक्त्याच्या रेषा एकेक ओढणाऱ्या त्या विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून कापला आहे. तिने तर दोन कापायला सांगितले होते.